बोअरच्या पाण्याची जट

आमच्या हावड्याच्या फ्लॅटमध्ये नळाला जे येतं त्याला पाणी म्हणायची माझी आजही तयारी नाही. येताना ते चांगलं स्वच्छ दिसतं. बादली भरून ठेवा आणि आंघोळीला जरा उशीर करा, की वर तेलकट साय धरते आणि तळाला तांबूस गाळ बसतो. तांब्या, बादल्या, फरशी, बेसिन, सगळ्यावर विटकरी राप. नळाच्या तोंडाला पांढरा खरबरीत थर, तो सुरीनं खरवडून काढला तरी आठवड्यात परत हजर. साबण कितीही घासा, फेस म्हणून येत नाही. येतात ते नासलेल्या दुधासारखे चोथे, आणि ते अंगाला चिकटून बसतात. आंघोळ करून बाहेर आलं की पुन्हा एकदा आंघोळ करावीशी वाटते.

आणि बाल्कनीत उभं राहिलं की समोर गंगा. इकडे हुगळीला कुणी हुगळी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. एवढी मोठी नदी दारावरून वाहते आणि बिल्डरनं आम्हाला जमिनीच्या पोटातलं गंज आलेलं पाणी जोडून दिलंय. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मी हे बोलते आणि प्रत्येक वेळी सेक्रेटरी मान डोलावून "होबे, होबे" म्हणतात. होईल, होईल. त्यांना टक्कल आहे, त्यांचं काय जातंय?

नवऱ्याची कंपनीत बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते. पहिल्या काही महिन्यांतच त्यांचा काथ्या झाला. शाम्पू लावून धुतले की जास्त घाण वाटायचे, बोटं फिरवली की अडकायची, आणि कंगव्याच्या दातांत राखाडी मेण जमायचं. ते मेण नखानं काढताना मला दर वेळी शिसारी यायची. लिंबू पिळून झालं, व्हिनेगर झालं, नळाला फिल्टर लावून झाला. फिल्टर उघडला तेव्हा आत जो चिखल निघाला तो पाहून मी त्या दिवशी जेवले नाही. शेवटी एक दिवस बस पकडून बालीगंजला गेले आणि तिथल्या पार्लरमध्ये केस मानेपर्यंत कापून टाकले. रडले वगैरे काही नाही. सुटले.

सासूबाई आल्या त्या यानंतर. सासरे गेले, मिरजेचं घर बंद झालं, आणि एकुलता एक मुलगा कलकत्त्यात म्हणून त्या कलकत्त्यात. स्टेशनवर गाडीतून उतरल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "हे काय गं, केसांना काय झालं तुझ्या?"

"पाणी वाईट आहे इथलं, आई."

"पाण्यानं कुठे असं होतं?" असं म्हणून त्यांनी आपला अंबाडा चाचपला.

त्या अंबाड्याबद्दल सांगायला हवं. सासूबाईंचे केस गुडघ्याच्या खाली जायचे. पांढरे झाले होते, पण दाट. त्याचा अंबाडा त्या पिन न लावता, जाळी न लावता घालायच्या. केसांनाच केसांची गाठ मारायच्या आणि तो दिवसभर हलायचा नाही. "लग्नानंतर माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही," हे त्या येईल त्याला सांगत. बाळंतपणातसुद्धा स्वतःची वेणी स्वतः घातली म्हणे. नवरा गेला, घर गेलं, भाषा कळत नाही अशा गावात येऊन पडल्या, पण सकाळी आरशासमोर बसून दोन्ही हात मागे नेऊन तो अंबाडा घालताना त्या कुणाच्या मिंध्या नसायच्या. मी ते दारातून बघायची आणि मलाही बरं वाटायचं.

पण त्यांच्या सामानात एक पिशवी होती. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा. दर शुक्रवारी हे सगळं उकळायचं, आदल्या दिवशी डोक्यावर वाटीभर खोबरेल थापायचं आणि मग न्हाणं. मिरजेत हे पन्नास वर्षं चाललं असेल, तिथे कृष्णेचं पाणी. इथल्या बोअरच्या पाण्यात ती शिकेकाई उकळायला ठेवली आणि पातेल्यातलं पाणी दौतीतल्या शाईसारखं काळंकुट्ट झालं. पाण्यात लोखंड, त्यात आवळा, दुसरं काय होणार? हे शाळेत शिकलेलं मला आठवत होतं, ते मी सांगूनही पाहिलं.

"शिकेकाई काळीच असते," सासूबाई म्हणाल्या.

ते काळं पाणी आणि ते तेल एकत्र आलं की डोक्यावर जे काही तयार व्हायचं त्याला माझ्याकडे शब्द नाही. लोणच्याच्या बरणीच्या तळाशी उरतं तसं काहीतरी. ते निघायचं नाही. निघालं नाही म्हणून पुढच्या शुक्रवारी शिकेकाई जास्त. केस राठ झाले म्हणून तेल जास्त. तेल निघत नाही म्हणून परत शिकेकाई. मी म्हटलं, आई, महिनाभर साधा शाम्पू लावा आणि पिण्याच्या जारच्या पाण्यानं धुवा. तर म्हणाल्या, "विकतच्या पाण्यानं न्हायला मी काय राजघराण्यातली आहे?" नवऱ्याला म्हटलं तू सांग, तर तो म्हणाला, "तिचं तिला करू दे ना. तुला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचं असतं." नाक खुपसायचं नव्हतंच मला, नाक तर मी दाबून धरलं होतं. न्हाणीघरातून त्या बाहेर आल्या की जाळीत अडकलेला केसांचा आणि चोथ्याचा गोळा काढायचं काम माझ्याकडे होतं. तो बोटांत धरला की लोंबायचा.

आणि फरशी. त्या चोथ्याचा एक बुळबुळीत पापुद्रा फरशीवर बसायचा. मी घासायची, तो परत बसायचा. एका शुक्रवारी सासूबाई त्यावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या.

प्लास्टर कोपरापर्यंत. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला. घरी आल्यावर त्या बराच वेळ आरशासमोर बसून राहिल्या. डाव्या हातानं अंबाडा घालून पाहिला, तो सुटला. परत घातला, परत सुटला. मी जवळ गेले, तर म्हणाल्या, "राहू दे." शेवटी संध्याकाळी स्वतःच हाक मारली. "ये गं. घाल." आणि मान खाली घातली.

म्हणजे आता ते डोकं माझ्या हाती आलं. खरं सांगते, लांबून घाण वाटणं वेगळं आणि हात घालणं वेगळं. पहिल्यांदा धुवायला बसले तेव्हा बोटं आत गेली आणि थांबली. केस मोकळे नव्हतेच. मेण, कोंडा, जुनं तेल, शिकेकाईचा भुसा. मुळाशी नख लागलं की नखाखाली काळं जमायचं. वास तर असा, की ओल्या पोत्यात खवट खोबरं बांधून ठेवलंय. मी मिनिटभर श्वास रोखायची, मान वळवून बाहेरचा श्वास घ्यायची, परत आत. दुसऱ्या शुक्रवारी मी भांडी घासायचे रबरी मोजे चढवले. सासूबाईंनी विचारलं, हे काय गार गार लागतंय? मी म्हटलं, पाण्यानं हातांना चिरा पडल्यात, डॉक्टरांनी घालायला सांगितलेत. चिरा पडल्या होत्या, हे खोटं नव्हतं. डॉक्टर मात्र मी पदरचे घातले.

तेव्हापासून त्या टाळायला लागल्या. या शुक्रवारी नको, अंग कसकसतंय. पुढच्या शुक्रवारी एकादशी. विंचरायला बसवलं की दोन मिनिटांत, पुरे झालं, ओढतेस फार. मग डोक्यावरून पदर घ्यायला लागल्या. घरात मुलाशिवाय पुरुष नाही, पंखा फुल स्पीडवर आणि ह्या पदर घेऊन बसलेल्या. मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही. माझी सुटका झाली होती, मी कशाला ओढून घेऊ?

प्लास्टर निघालं तरी हात मागे जाईना. आणि खोलीत वास भरून राहिला. उशीचा अभ्रा मी चिमटीत धरून मशीनमध्ये टाकायची.

आमच्या ओळखीत एक बाई आहेत, सांगलीकडच्याच. त्यांच्या घरी सोनं-चांदी गाळायचा धंदा, वाडवडिलांपासून बडाबाजारात दुकान. मराठी बोलायला मिळतं म्हणून त्या सासूबाईंकडे कधीमधी येत. त्या एक दिवस आल्या, बोलता बोलता सासूबाईंचा पदर सरकला, आणि बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. मी चहा घेऊन येत होते. मला वाटलं पाल पडली.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "ही तर जट आहे."

मी पाहिलं. मानेच्या वर, अंबाडा असायचा तिथे, केसांचा एक चपटा, घट्ट, दोरखंडासारखा लोळा झाला होता. राखाडी, मधूनच तांबूस. त्यातून एकही केस वेगळा निघत नव्हता. आणि त्या बाई वाकल्या, त्या लोळ्याला हात लावला आणि तो हात स्वतःच्या डोळ्यांना लावला. मला तिथल्या तिथे ओकारी आली. चहाचा ट्रे टीपॉयवर आपटून मी आत गेले.

आमच्या भागात जट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाईच्या केसांत गुंता होऊन असा दोर झाला की म्हणायचं, देवीनं तिला धरलं. मग तो कापायचा नाही, विंचरायचा नाही, सोडवायचा नाही. हळदकुंकू वाहायचं. कापला तर देवीचा कोप, घरातलं माणूस जातं. हे मी मिरजेला लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. सासूबाईंच्या तोंडून कधी नाही. त्या मॅट्रिक झालेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या. मला वाटलं आता त्या बाईंना चांगल्या झापतील.

सासूबाई म्हणाल्या, "असेल. देवीची इच्छा."

झालं. मंगळवारी त्या बाई दोघीजणींना घेऊन आल्या, शुक्रवारी आणखी कुणी आलं. कलकत्त्यात एरवी मराठी माणूस शोधावा लागतो, जटेला मात्र बरोबर पत्ता सापडतो. येणारी बाई हळद लावणार, कुंकू लावणार, नारळ ठेवणार. एकीला सुनेला मूल हवं होतं, एकीला मुलाची नोकरी. ते हळदकुंकू त्या तेलकट लोळ्यावर बसून त्याचा लाल-पिवळा लगदा व्हायचा आणि घामाबरोबर सासूबाईंच्या मानेवरून पाठीत उतरायचा. ब्लाउजचा गळा कायम ओला. आणि सासूबाई पाटावर ताठ बसलेल्या, चेहऱ्यावर काही नाही. मला त्या बायकांचा राग यायचा, त्या लगद्याची किळस यायची, पण सगळ्यांत जास्त कुणाची यायची तर माझ्या नवऱ्याची. इंजिनियर माणूस. ऑफिसात लोकांना प्रेझेंटेशनं देतो.

"हे पाण्यानं झालंय," मी त्याला म्हटलं. "तुझ्या बादलीच्या तळाशी बघ. तेच आईंच्या डोक्यात बसलंय. कापू दे मला."

"कळतंय मला. पण उगाच कशाला? आईचं मन आहे."

"त्यांच्या मानेला फोड आलेत. पू येतोय त्यातून."

"मलम आणतो ना मी." आणि मग चष्मा पुसत म्हणाला, "समजा कापलं आणि तिला काही झालं, तर?"

म्हणजे कोपाची भीती ह्याला. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हा माणूस असा आहे हे मला केसांच्या गुंत्यातून कळावं.

मलम आलं. ते लावायचं कुठे? मुळाशी बोट जात नव्हतं. सासूबाईंची मान एका बाजूला कलायला लागली, त्या ओझ्यानं. जेवण अर्ध्यावर आलं. डोकं दुखतं, तोंडाला चव नाही. डॉक्टरांना घरी बोलावलं, त्यांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, हे काढलं नाही तर जखम आत पसरेल, आणि या वयात ते साधं नाही. सासूबाईंनी हिंदीतून विचारलं, औषध नाही का? ते म्हणाले, कैची हेच औषध. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

नंतरचा मंगळवार. दुपारी बायका येऊन गेल्या होत्या. मी फरशीवरचं कुंकू पुसत होते आणि सासूबाई बाल्कनीच्या दाराशी पाटावर बसल्या होत्या. पुसता पुसता माझं लक्ष त्यांच्या मानेवर गेलं. कुंकवाच्या ओघळातून एक ऊ चालत चालली होती. एक नाही, मागे आणखी होत्या. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"आई, पुरे झालं आता हे. ही देवी नाही. ही घाण आहे. निव्वळ घाण. उवा पडल्यात त्यात, पू झालाय. मला या घरात श्वास घेववत नाही."

मला वाटलं त्या रडतील किंवा शाप देतील. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "मला माहीत आहे देवी नाही ते."

मी फडकं हातात धरून तशीच उकिडवी बसून राहिले. "माहीत आहे? मग हे काय चाललंय?"

"देवीची म्हटल्यावर तुला परत हात लावावा लागला नाही ना."

त्याच पुढे बोलल्या, एकेक वाक्य सावकाश. "भांड्याचे मोजे घालून माझं डोकं धूत होतीस. मला काय कळत नाही? मागे बसलीस म्हणून काय झालं. श्वास धरून ठेवायचीस, मान वळवून सोडायचीस. माझ्या आईनंसुद्धा माझ्या डोक्याला असा हात लावला नाही कधी. म्हटलं, ती सांगलीची बाई जट म्हणतेय तर म्हणू दे. निदान तुझी सुटका, माझी सुटका. पाया तरी पडतात बायका."

बाहेर नदीवरून एक लाँच गेली, तिचा भोंगा वाजला.

"किळस यायची ना तुला?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. हातांच्या चिरा पुन्हा दाखवता आल्या असत्या. पण ती मान बघून माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

"यायची," मी म्हटलं. "अजून येते."

त्यांनी मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी. "मलाही येते," त्या म्हणाल्या. "उशीवर डोकं टेकलं की माझं मलाच मळमळतं. पण आपलं आपल्याला वाटणं वेगळं. दुसऱ्याच्या हातातून कळलं ना, की मेल्याहून मेल्यासारखं होतं."

मग म्हणाल्या, "काप."

नवरा घरून काम करत होता. कैची शोधायचा आवाज ऐकून तो हेडफोन गळ्यात घेऊन बाहेर आला. "आई, अगं थांब, निदान मिरजेला मावशीला फोन करून विचारू."

"तू आत जाऊन तुझं काम कर," सासूबाई म्हणाल्या. "देवीला काय सांगायचं ते माझं मी सांगते."

तो गेला. मी शिवणाची मोठी कैची घेतली. ती जट कैचीनं कापली जात नाही, चामडं कापावं तशी चावत चावत जावं लागतं. आतून ती ओली होती. कापेल तसा वास वाढत गेला आणि मी मधेच उठून बाल्कनीच्या कठड्यावर वाकून ओकले. परत येऊन बसले. सासूबाईंनी तोंड पुसायला पदराचं टोक मागे केलं. शेवटचा धागा सुटला तेव्हा तो लोळा फरशीवर पडला आणि आवाज झाला. त्यांची मान आपोआप सरळ झाली. खाली कातडी लालभडक, पांढरट, जागोजागी सोललेली.

पिण्याच्या पाण्याचा जार मी न्हाणीघरात ढकलत नेला. सासूबाई पाटावर पुढे वाकून बसल्या. मी तांब्यानं पाणी घातलं, बोटांनी हळूहळू मुळं चोळली, जखमा टाळत. काळं पाणी वाहत राहिलं, मग तांबडं, मग राखाडी. त्यात उवा होत्या, पापुद्रे होते, हळद होती. मला किळस येत होती आणि ती मी लपवत नव्हते. श्वास घ्यायचा तिथेच घेत होते, मोठ्यानं.

"वास गेला का गं?" त्यांनी खाली वाकूनच विचारलं.

"नाही. येतोय अजून."

"मग घाल आणखी पाणी," त्या म्हणाल्या आणि डोकं माझ्या हाताखाली आणखी पुढे सरकवलं.